मापाचं ब्लाऊज चालणार नाही

मुरूमच्या पेठेत सरूअक्कांचं शिलाईचं दुकान शोधायला पत्ता लागत नसे. दाराच्या चौकटीला एक पुठ्ठा टांगलेला असायचा आणि त्यावर निळ्या खडूनं लिहिलेलं असायचं, ‘मापाचं ब्लाऊज चालणार नाही. बाई आणा.’ अशी पाटी अख्ख्या उमरगा तालुक्यात दुसरीकडे नव्हती.

आता हे वाचून कोणत्याही बाईचं डोकं फिरेल. माझंही फिरलं होतं. आपली रीत काय? अंगाला बरं बसणारं एक जुनं ब्लाऊज नव्या कापडासोबत पिशवीत कोंबायचं आणि कुणाच्या तरी हाती टेलरकडे पाठवून द्यायचं. त्या मापावर नवं शिवून येतं. बाईला घर सोडायला नको, कुणापुढे हात वर करून उभं राहायला नको. आणि ही म्हणते, बाई आणा! मी पहिल्यांदा पिशवी घेऊन गेले तेव्हा अक्कांनी माझं मापाचं ब्लाऊज दोन बोटांत धरून मलाच परत दिलं.

“हे कवाचं माप हाय? लग्नातलं? तवाची तू येगळी, आताची येगळी. हुबी राहा नीट.”

मी उभी राहिले. त्या आवाजापुढे कुणीही उभं राहिलं असतं.

अक्का ठेंगण्या होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या, सातवी शिकलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, टेप होता. आंघोळ आणि मापं घेणं सोडलं तर तो गळ्यातून कधी निघत नसावा. कानामागे खडूचा तुकडा. बोलणं सगळं इंचात. चहात साखर “अर्धा इंच” हवी. शेजारचा किराणावाला “दीड इंच खोटं” बोलतो. कुणाची सून चांगली निघाली तर “बाही मुंड्यात बसते तशी फिट बसली बघ.” शिवायच्या मशीनला त्यांनी मोटार बसवून घेतली होती, तिचा त्यांना फार अभिमान. नुसता पाय टेकवला की घर्रर्र! “पायाचं काम खलास,” असं त्या आल्यागेल्याला सांगायच्या.

माझी लॅब त्यांच्या दुकानासमोर, रस्ता ओलांडला की. एक खोली, एक यंत्र, एक फ्रिज आणि रक्त-लघवी तपासणारी मी. अक्का मला नावानं कधीच हाक मारत नसत. त्यांच्यासाठी मी कायमची ‘रगतवाली’.

लॅब टाकून महिनाही झाला नव्हता, तेव्हा एक सकाळ उजाडली. राधाबाई नावाची एक शेतकरीण दारात उभी. पन्नाशीची, उन्हानं रापलेली. मी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. तिनं कमरेची पिशवी सोडून अस्तराच्या कापडाचा एक तुकडा माझ्या हातात ठेवला. त्यावर पेनानं लिहिलेलं: ‘पोट वाढलं. दंड उतरला. साखर बघ.’

माझ्या अंगाची लाही झाली. मी पस्तिशी उलटल्यावर हट्टानं दोन वर्षं शिकून आलेली, आणि ही टेलर मला तपासण्या लिहून देणार? तशीच रस्ता ओलांडून गेले आणि तो तुकडा अक्कांच्या मशीनवर आपटला.

“अक्का, तुम्ही डॉक्टर कधी झालात?”

“म्या कशाला डाक्टर व्हईन?” मान वर न करता त्या म्हणाल्या. “तिच्या पोटात काय हाय ते मला दिसत न्हाय. पोट किती हाय ते दिसतं. आतलं बघायचं मशीन तुज्याकडं हाय. बघ की. न बघायला काय झालंय?”

चिडून परत आले आणि राधाबाईंचं रक्त घेतलं. खरं सांगते, अक्कांना खोटं पाडायच्या हौसेनंच घेतलं. आकडा आला तो बघून मी यंत्रावर दुसऱ्यांदा तपासला. तोच आला. रिकाम्या पोटी इतकी साखर, आणि बाई सांगत होती, मला कसला त्रास नाही, नुसती थकते.

संध्याकाळी मान खाली घालून मी पुन्हा रस्ता ओलांडला. अक्का हसल्या नाहीत, टोमणा मारला नाही. फक्त विचारलं, “किती?”

मी आकडा सांगितला. त्यांनी एक जाडजूड वही काढली आणि राधाबाईंच्या नावासमोर तो लिहून घेतला. मी म्हटलं, बघू वही. आणि ती उघडली नि मी उभ्या उभ्या वाचतच राहिले.

प्रत्येक बाईला एक पान. वर्षावर्षाची मापं एकाखाली एक: छाती, कंबर, मुंडा, दंड. परकर शिवायचा म्हणून पोटाचंही. काही ओळींच्या अलीकडे एक छोटासा गोल काढलेला. “हे काय?” मी विचारलं.

“पाळी गेली की गोल काढती म्या. इचारती की बाईला. कापड शिवायचं म्हंजे अंगाचा हिसाब नको का?” मग त्यांनी खडूनं एकेक ओळ दाखवली. “हे बघ. गोलाच्या आधी अंग कडंनी भरतं. मांड्या, बसायची जागा. गोलाच्या नंतर समदं मधी यायलंय. पोट वाढायलंय अन् दंड उतरायलाय. खाणं तेच, काम तेच. मग असं का व्हायलंय, सांग. तू शिकलीस न्हवं?”

माझ्या अंगावर काटा आला! मी हे पुस्तकात वाचलं होतं. पाळी असते तोवर बाईच्या अंगातलं संप्रेरक चरबीला मांड्यांकडे ठेवतं. ते आटलं की चरबी पोटात, आतल्या अवयवांभोवती साठायला लागते, स्नायू झडायला लागतात आणि साखर रक्तातच फिरत राहते. परीक्षेत यावर मी पानभर उत्तर लिहिलं होतं, आणि नंतर विसरूनही गेले होते. आणि इथे एका बाईनं, कुणी न शिकवता, खडू आणि टेप घेऊन तेच वहीत उतरवून ठेवलं होतं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्या मशीनवर थाप मारून ओरडल्या, “मंग म्या म्हणत नव्हते? साडी अन् नाडा लई लबाड! कितीबी पोट सुटू दे, नाडा गुमान सैल व्हतो. बाईला कळतच न्हाय. मला कळतं.”

त्या दिवसापासून आमची जोडी जमली. अस्तराचे तुकडे यायला लागले आणि मी ते जपून ठेवायला लागले. सगळ्याच काही आजारी निघत नव्हत्या. पोट सुटलेल्या कितीतरी जणींची साखर अगदी ठीक यायची आणि एका काटकुळ्या बाईची भलतीच चढलेली निघाली. तेव्हा अक्का म्हणाल्या, “टेप बी कवा कवा फसतो. तरी इचारल्याबिगर ऱ्हायचं न्हाय.” ज्यांची साखर निघायची त्यांना आम्ही उमरग्याच्या डॉक्टरबाईंकडे धाडत होतो.

माप घ्यायची अक्कांची एक युक्ती होती. टेप पोटाला लागला की प्रत्येक बाई श्वास ओढून पोट आत घेते. अगदी प्रत्येक. अक्का टेप धरून म्हणायच्या, “नाव घे.” उखाणा म्हणायला तोंड उघडलं की श्वास सुटतो, पोट जागेवर येतं, आणि टेप खरं बोलतो! माप घेताना दुकानात उखाण्यांचा नुसता धुमाकूळ असायचा. आणि नवरा नसलेल्या बाईला अक्का सोडत नसत. “नातवाचं घे. म्हशीचं घे. पर श्वास सोड.” एका आजीनं खरोखर म्हशीचं नाव घेतलं होतं, यमकासकट.

त्यांचं एक वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं असेल: “सोताचं माप सोताला घेता येत न्हाय. हात वर केला की टेप सरकतो.” बाया ते ऐकून माना डोलावत. आणि मला मात्र दरवेळी एकच गोष्ट खटकायची. सहा वर्षांत निम्म्या पेठेला त्यांनी माझ्या खुर्चीत बसवलं. स्वतः एकदाही बसल्या नव्हत्या.

मी विषय काढला की त्यांना लगेच कुणाचं तरी काज-बटन आठवायचं.

पाटी का लावली, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांची सुभद्रा नावाची मैत्रीण होती, माहेरच्या गावची, बरोबर गोट्या खेळलेली. ती शेजारच्या गावात दिलेली. तिचं मापाचं ब्लाऊज लेकीच्या हाती यायचं. एकदा निरोप आला, घट्ट होतंय, जरा सैल करा. अक्कांनी शिवण उसवून सैल करून दिलं. वर्षानं पुन्हा तोच निरोप. मग तिसऱ्यांदा. शिवणीत आत दुमडलेलं जादा कापड, म्हणजे दाब, होता नव्हता तेवढा संपला. अक्का लेकीला गमतीनं म्हणाल्या, तुझ्या आईला सांग, आता ब्लाऊज न्हाय, तंबू शिवती.

“चौथ्यांदा आलं,” अक्का म्हणाल्या, “ते घट्ट करायला. लई ढगळ झालं म्हणं. मला इतका आनंद झाला गं! म्हनलं, बारीक झाली माझी बाई. हसत हसत शिवलं.”

वाढलेल्या साखरेनं अंग झडत होतं, हे कुणाला ठाऊक? पायाला खिळा लागल्याचं निमित्त झालं. जखम भरेना. सोलापूरला नेली, ती परत आली नाही.

“चार डाव तिचं अंग माझ्या हातात येऊन गेलं. म्या एकदा बी म्हनले न्हाय, बाईला आणा.” एवढं बोलून अक्कांनी मोटार सुरू केली.

मग आली ती संक्रांत. आमच्या उमरग्याच्या डॉक्टरबाईंनी मला एक सोपी खूण सांगितली होती: आपल्या उंचीएवढा दोरा घ्यायचा, मधोमध दुमडायचा, आणि बेंबीवरून पोटाभोवती फिरवायचा. टोकाला टोक लागलं तर बरं. मध्ये फट राहिली तर तपासून घ्यायचं. मी हे चहा पिता पिता अक्कांना सांगितलं. त्यांनी कपबशी खाली ठेवली. डोळे असे चमकले की मला भीतीच वाटली.

“हेच वाण!” त्या ओरडल्या. “अवंदा पेठेला दोऱ्याचं वाण!”

“अक्का, हळदीकुंकू तुम्ही कसं...” माझी जीभ अडखळली.

“कुंकू तू लाव. वाण म्या देती. अन् ज्यांना कुंकू न्हाय त्यांनाबी बोलवायचं. त्यांना पोट न्हाय व्हय?”

काय ती दुपार! दुकानासमोर सतरंजी अंथरली होती. चाळीसेक बायका आल्या असतील. विधवा बायका आधी लांब, भिंतीला टेकून उभ्या होत्या. अक्कांनी एकेकीला दंडाला धरून आणलं. मी तिळगूळ देत होते, चिमूटभर, कारण अक्कांची सक्त ताकीद होती. आणि अक्का स्टुलावर चढून बायकांच्या डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा सोडत होत्या, कात्रीनं कच्चकन तोडत होत्या. “हा तुजा! जपून ठेव. दुसरीला दिऊ नको, तिची उंची येगळी!” बायका दोरे दुमडून एकमेकींच्या पोटाला लावत होत्या, फट बोटांनी मोजत होत्या, हसून हसून लोळत होत्या. “माजी तीन बोटं!” “माजी लागली गं टोकं, लागली!” उखाण्यांवर उखाणे. रस्त्यावरचे पुरुष थांबून बघायला लागले तेव्हा अक्कांनी कात्री उगारली.

मला इतका आनंद झाला होता की मी वेड्यासारखी टाळ्या वाजवत होते. आणि त्याच वेळी, स्टुलावरच्या अक्कांनी एका उंच बाईसाठी हात वर केला, पदर सरकला, आणि मला दिसलं. ब्लाऊजच्या बगलेखाली, दोन्ही बाजूंना, दोन-दोन बोटांची पट्टी जोडलेली होती. त्याच रंगाची, इतकी सफाईदार की दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. शिवणीतला दाब संपल्यावर जोडलेली पट्टी.

 माझ्या टाळ्या थांबल्या.

दुसऱ्या सकाळी माझ्या लॅबसमोर उपाशी बायकांची रांग लागली. दुपारी शेवटची बाई गेली तशी मी एप्रन न काढताच रस्ता ओलांडला. दुकानात तिघीजणी बसल्या होत्या. त्यांच्यातली एक राधाबाई. आता तिची साखर आवाक्यात आलेली, चेहऱ्यावर तजेला.

“अक्का, तुमचा दोरा कुठंय?”

“संपला दोरा.” घर्रर्र.

“रीळभर दोरा शिल्लक आहे.”

“माझा हिसाब म्या घरी केलाय.” घर्रर्र, घर्रर्र.

माझा पारा चढला. “स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, हे वाक्य कुणाचं? आणि बगलेखालची पट्टी कुणी जोडली?”

मोटार थांबली.  अक्कांच्या कानामागचा खडू खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. चेहरा घामानं डबडबला. असा घाम त्यांना हल्ली बसल्याजागी सुटायचा आणि त्या मशीन तापल्याचं निमित्त सांगत.

“तीन वर्सं झाली गोल काढून,” त्या हळू म्हणाल्या. “मला ठाव न्हाय व्हय? दुसऱ्याचा आकडा वाचायला भ्या वाटत न्हाय. माजा निघाला अन् उशीर झाला आसंल तर? म्या काय तोंडानं पाटी लावली मंग?”

मला रडू आलं आणि त्याचाच राग आला. मी म्हटलं, “पाटी काढा नाहीतर उठा.”

त्या उठल्या. गळ्यातला टेप काढून माझ्या हातात दिला. तो दुसऱ्या कुणाच्या हाती गेलेला मी पहिल्यांदाच बघितला. हात वर केले. मी टेप पोटाभोवती फिरवला आणि मला कळलं की आयुष्यभर दुसऱ्यांचे श्वास सोडवणारी ही बाई श्वास रोखून ताठ उभी आहे.

“अक्का, नाव घ्या.”

 नवऱ्याचं नाव घेतील, नातवाचं घेतील, असं मला वाटत होतं. अक्का भिंतीकडे बघत राहिल्या. मग एकेक शब्द आला:

“तीनदा उसवली शिवण, इचारलं न्हाय काही;
सुभद्रेचं नाव घेती, आता लपवीत न्हाई.”

श्वास सुटला. टेप माझ्या हातात सरकला. राधाबाई पदरानं डोळे पुसत होती.

“किती?” अक्कांनी विचारलं.

“साडेबत्तीस.”

मग दोरा तोडला, दुमडला, फिरवला. टोकं भेटेनात. मध्ये चार बोटांची फट होती. अक्कांनी ती स्वतःची बोटं घालून मोजली, आणि मग माझ्यामागून रस्ता ओलांडून लॅबमध्ये आल्या, खुर्चीत बसल्या, बाही वर केली. उपाशी नव्हत्या, म्हणून मी तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी आधी केली.

साखर होती. पण उशीर झाला नव्हता! उमरग्याच्या डॉक्टरबाईंनी पाय तपासले, डोळे तपासले, रक्तदाब बघितला, गोळ्या दिल्या, भात कमी करायला आणि भाकरीबरोबर डाळ-उसळ वाढवायला सांगितलं. रोज चाला, हातापायांना जोर पडेल असं काम करा, म्हणाल्या. अक्कांनी परतल्या परतल्या मशीनची मोटार काढून टाकली. “पायाचं काम परत सुरू,” आल्यागेल्याला तितक्याच अभिमानानं सांगायला लागल्या. दुकानात पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या आल्या. माप द्यायला आलेल्या बाईनं नंबर येईपर्यंत त्या वर-खाली करायच्या, असा नवा कायदा झाला. “पोट उतरलं पायजे, दंड चढला पायजे. उलटं न्हाय चालायचं.” वहीत एक नवं पान उघडलं, वर नाव: सरस्वती. त्या पानावरची मापं मात्र दर महिन्याला माझ्या हातानं लिहायची.

उन्हाळ्याच्या शेवटी मला उमरग्याला एका मोठ्या लॅबमध्ये काम मिळालं आणि मुरूम सोडायची वेळ आली. बस सकाळची होती. अक्कांचा निरोप मी आदल्या दिवशीच घेतला होता. त्यांनी एक ब्लाऊज शिवून दिलं आणि बजावलं, “हे मापाला म्हून कुठल्या टेलरला दिऊ नको. दर साली इथं यायचं. तुजाबी गोल लांब न्हाय आता.”

बस सुटली, पेठेच्या कोपऱ्यावर वळायला हळू झाली, आणि मला पलीकडून हाक ऐकू आली.

“ए रगतवाली! ए!”

सरूअक्का रस्त्याच्या कडेनं पळत येत होत्या. खरंच पळत, पदर खोचून. मागे चालायला निघालेल्या पेठेतल्या पाच-सहा बायका, त्यात राधाबाई. अक्कांच्या एका हातात दुमडलेला दोरा लोंबत होता आणि दुसरा हात त्यांनी उंच वर केला होता, त्याची दोन बोटं ताठ.

“चारातली दोन ऱ्हायली! दोनच ऱ्हायली बघ!”

कंडक्टरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “दोन पॅसेंजर राहिलेत का हो, ताई?”

मला हसू आवरेना. मी मान हलवून नाही म्हटलं आणि खिडकीतून निम्मी बाहेर वाकून हात हलवत राहिले. बसनं वेग घेतला. अक्का थांबल्या, धापा टाकत, वर केलेला हात तसाच ठेवून. आणि माझ्याकडे बघत त्यांनी त्या दोनांतलं एक बोट सावकाश दुमडलं.